जमिनीखालचा नळ आणि जमिनीवरची माणसे



शेताच्या बांधाला किंवा रस्त्याच्या कडेला रोवलेला एक रंगीत खांब आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यावर गॅसवाहिनीची सूचना असते, धोक्याचा इशारा असतो आणि एक दूरध्वनी क्रमांक असतो. गुरे त्या खांबाला अंग घासतात, मुले त्याच्यावर नेम धरून दगड मारतात, आणि चार पावसाळे गेले की त्यावरची अक्षरे पुसट होतात. त्या खांबाजवळ जमिनीखाली निदान एक मीटर खोल पोलादी नळ पुरलेला असतो, आणि त्यातून रात्रंदिवस गॅस वाहत असतो. हा नळ आखतात कसा, आखणाऱ्याला त्यासाठी काय शिकावे लागते, आणि त्या कामात गावाचा वाटा कोणता, याविषयी आज मला बोलायचे आहे.

मी इंजिनिअर आहे. नोकरीच्या आरंभी नव्या माणसाला निरनिराळ्या विभागांतून फिरवण्याची पद्धत असते. त्या फिरतीत काही महिने मी गॅसवाहिन्यांच्या आखणीच्या विभागात होते. तिथे लागणारे गणित मी कॉलेजात शिकलेलेच होते. नवे शिकले ते इतकेच, की गणितात घालायचे आकडे कुठून आणायचे, आणि ते खरे आहेत हे कुणाला विचारायचे.

आपल्या राज्याला गॅस नवा नाही. मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ साली तेल सापडले, आणि १९७८ साली समुद्रतळावरून उरणपर्यंत वाहिन्या आल्या. पुढे दाभोळपासून बंगळुरूकडे जाणारी सुमारे १००० किलोमीटरची वाहिनी २०१३ साली सुरू झाली. समृद्धी महामार्गाच्या कडेनेही मुंबई-नागपूर वाहिनी टाकली गेली. म्हणजे किनाऱ्यापासून विदर्भापर्यंत कितीतरी गावांच्या शिवारांखालून आज हा नळ जातो.

पुढचे सगळे नीट कळावे म्हणून एक उदाहरण धरू. तीस इंची नळ घ्या, म्हणजे ७६२ मिलिमीटर व्यासाचा. लहान मूल आतून रांगत जाईल एवढा. त्यात गॅसचा दाब धरा ९० बार. ट्रकच्या टायरात जेवढा दाब असतो, त्याच्या दहा-अकरा पट.

वाहिनीचा मार्ग प्रथम नकाशावर आखतात. उपग्रहाने घेतलेली छायाचित्रे असतात, टेकड्यांच्या उंचीचे आकडे असतात, रस्ते, रेल्वे, नद्या सगळे काही असते. संगणकावर एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत रेघ ओढायला क्षणभर पुरतो. पण आमच्या विभागातले एक जुने साहेब रेघ पाहिली की म्हणत, “ठीक आहे. आता तिच्यावरून चालून या.”

आम्ही चाललो. एका शिवारात नकाशावर बारीकसा ओढा दाखवलेला होता. उन्हाळ्याचे दिवस, ओढा कोरडा ठणठणीत. बांधावर एक शेतकरी काका बसले होते. ते म्हणाले, “ताई, हा आत्ता दिसतोय तो ओढा न्हवं. श्रावणात या. ह्या बाभळीपासनं त्या आंब्यापर्यंत पाणी असतंय. माझ्या बापाच्या वेळेला तर तो पार पलीकडनं वाहायचा.”

आता तुम्ही म्हणाल, ओढ्याचे पाणी वर, नळ खाली, त्याला काय होणार? पुष्कळ होते. आपल्या उदाहरणातला नळ मीटरमागे सुमारे १८० किलो वजनाचा आहे. हाताने उचलायचा नाही असा. पण तो पोकळ आहे, आणि मीटरमागे ४५० किलोंहून अधिक पाणी बाजूला सारतो. म्हणून पाण्याने भिजून सैल झालेल्या मातीतून तो वर येऊ पाहतो. शिक्षकांनी झाकण घट्ट लावलेला रिकामा पत्र्याचा डबा हौदात दाबून मुलांना दाखवावा, म्हणजे हे पटकन ध्यानात येईल. त्यासाठी ओढ्याच्या पात्रात नळाला काँक्रीटचे वजन चढवतात आणि पुराने माती जिथवर खरवडली जाते त्याच्याही खाली तो नेतात. हे काम किती लांबीत करायचे? नकाशा म्हणत होता दहा पावले. बाभळीपासून आंब्यापर्यंत हे अंतर शंभरावर पावले भरले. तो आकडा काकांकडून मिळाला आणि आखणीत गेला.

दुसऱ्या एका गावी एक मावशी भेटल्या. दोन एकर जमीन, घरात कर्ता एक मुलगा. आमच्या खुंट्यांची ओळ त्यांच्या शेतातून गेली होती. नकाशावर तिथे मोकळे रान होते, आणि डोळ्यांनाही मोकळे रानच दिसत होते. मावशी म्हणाल्या, “तुमची रेघ माझ्या पोराच्या घरावरनं गेली की हो.” घर अजून बांधायचे होते. पण रस्त्यालगतचा तोच एक तुकडा घरासाठी योग्य होता आणि त्यांनी दहा वर्षे तो मनात धरून ठेवला होता.

इथे कायदा काय म्हणतो ते सांगितले पाहिजे. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांविषयीच्या कायद्यानुसार जमीन शेतकऱ्याचीच राहते. सरकार फक्त वापराचा हक्क घेते. नळ पुरून झाल्यावर त्या पट्ट्यात पूर्वीसारखी ज्वारी, सोयाबीन, भाजीपाला घेता येतो. मात्र त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खणता येत नाही, झाड लावता येत नाही. वापरहक्काची भरपाई या कायद्याने जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के ठरवली आहे. काम चालू असताना झालेल्या पिकांच्या आणि झाडांच्या नुकसानीची भरपाई वेगळी. ज्याच्याजवळ पन्नास एकर आहेत त्याला हे फारसे जाणवणार नाही. ज्याच्याजवळ दोनच एकर आहेत त्याला हा व्यवहार जड वाटतो, आणि तो जड आहेच.

मावशींच्या शेतात रेघ थोडी सरकवता आली. प्रत्येक ठिकाणी सरकवता येते असे नाही. नळाला हवे तसे वाकवता येत नाही, आणि एका शेतातून काढलेली रेघ दुसऱ्याच्या शेतात जातेच. परंतु सांगण्याची वेळ महत्त्वाची आहे. पहिली अधिसूचना निघाली की त्यानंतर २१ दिवसांच्या आत लेखी हरकत घेता येते, आणि सक्षम अधिकाऱ्याला हरकत घेणाऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. २१ दिवस पेरणीच्या धांदलीत कसे निघून जातात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. गावातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की अशी अधिसूचना आली तर ती चावडीवर मोठ्याने वाचून दाखवावी, गट नंबर जुळवून पाहावेत, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याला हरकत लिहून द्यावी. विहिरीची जागा, घराची जागा, पाण्याची वाट, सारे कागदावर येऊ द्यावे. कागदावर आलेली गोष्ट इंजिनिअरला डावलता येत नाही.

आता नळाच्या जाडीकडे येऊ. मला वाटत असे, की दाब ठरला, व्यास ठरला, पोलाद ठरले, की जाडी आपोआप ठरते. सूत्र तसे सोपे आहे. दाबाला व्यासाने गुणायचे आणि पोलादाच्या ताकदीच्या दुपटीने भागायचे. पण पोलादाची सगळी ताकद कामाला लावायची नसते. बैलाला तो ओढू शकेल तेवढे सगळे ओझे आपण रोज लादत नाही. काही शिल्लक ठेवतो. ही शिल्लक किती ठेवायची हे ठरते आजूबाजूच्या घरांवरून!

त्याची रीत अशी. वाहिनीचा १६०० मीटर लांबीचा तुकडा घ्यायचा, दोन्ही बाजूंना दोनशे-दोनशे मीटर मोजायचे, आणि त्या पट्ट्यात माणसे राहतात अशी घरे किती ते मोजायचे. दहापर्यंत घरे असतील तर पोलादाच्या ताकदीपैकी शंभरात ७२ भाग वापरायची मुभा. घरे अकरा ते पंचेचाळीस असतील तर ६० भाग. सेहेचाळीस किंवा अधिक असतील तर ५०, आणि उंच इमारतींची दाट वस्ती असेल तर फक्त ४०. आपल्या उदाहरणातल्या नळाला चांगल्या प्रतीचे पोलाद वापरले, तर मोकळ्या रानात जाडी सुमारे १० मिलिमीटर येते, वाडीजवळ १२, मोठ्या गावाजवळ १४ आणि शहरात जवळजवळ १८. गॅस तोच, दाब तोच. जाडी मात्र माणसांच्या संख्येप्रमाणे वाढत जाते. शाळा आणि दवाखाना यांचा विचार आणखी निराळा करतात, कारण तिथे छप्पर एक असले तरी त्याखाली माणसे पुष्कळ असतात.

ही मोजणी प्रामाणिकपणे करायची असते. मोकळ्या रानातल्या नळापेक्षा मोठ्या गावाजवळचा नळ मीटरमागे सुमारे ८० किलोंनी जड असतो. म्हणजे एका किलोमीटरला ८० टन पोलाद जास्त. खर्च कमी करण्याचा मोह कुणालाही होईल. चव्वेचाळीस घरे मोजली आणि ओढ्यापलीकडची दोन पाले सोडून दिली, तर हिशेब स्वस्त होतो. पण त्या पालांत राहणारी माणसेही माणसेच आहेत.

आणि मोजणी एकदा करून भागत नाही. नळ तीस-चाळीस वर्षे जमिनीत राहायचा असतो, आणि गाव काही थांबून राहत नाही. आज जिथे सहा घरे आहेत तिथे रस्ता झाला, कारखाना आला, की दहा वर्षांत साठ होतात. वापरहक्काच्या पट्ट्याबाहेर, पन्नास मीटरवर घर बांधायला या कायद्याची मनाई नाही. बांधणारा निर्धास्त असतो, पण खालचा नळ अजून सहा घरांच्याच हिशेबाचा असतो. मग वाहिनीच्या मालकाला दाब कमी करावा लागतो किंवा तेवढा तुकडा बदलावा लागतो. त्यासाठी त्याला आधी कळायला हवे. म्हणून ते जुने साहेब आम्हाला सांगत, की गावात गेलात म्हणजे आहेत ती घरे मोजा आणि सरपंचांना किंवा गुरुजींना विचारा, गाव कोणत्या अंगाने वाढणार? नवी शाळा कुठे बांधायची ठरली आहे? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही उपग्रहाच्या चित्रात सापडत नाही.

नळाचा सर्वांत चिकाटीचा वैरी म्हणजे गंज. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, आकसते. पोलादाला ती चांगली मानवत नाही. नळावर लेप असतो, पण मैलोगणती लेपात कुठेतरी ओरखडा राहतोच. त्यासाठी एक युक्ती करतात. जस्ताचा मुलामा दिलेली बादली आपण वापरतो. तिच्यावर चरा पडला तरी लोखंड लगेच गंजत नाही, कारण जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला राखते. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली हेच तत्त्व जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी वापरून पाहिले होते. गॅसवाहिनीला तेच संरक्षण जमिनीतून बारीकसा वीजप्रवाह सोडून देतात.

हे संरक्षण पुरेसे आहे की नाही, हे पाहायचे साधन शेतकऱ्याच्या ओळखीचे आहे. द्राक्षाच्या आणि सुपारीच्या बागांवर आपण बोर्डो मिश्रण फवारतो ना, त्यातला मोरचूद! मोरचुदाच्या दाट द्रावणात तांब्याची कांडी बुडवलेली एक नळी जमिनीवर टेकवतात आणि तिच्या तुलनेत नळाचा विद्युतदाब मोजतात. तो उणे ८५० मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिक उणे असेल तर पोलाद सुरक्षित समजायचे. वाहिनीच्या कडेने अंतरा-अंतरावर तारांची लहान पेटी असलेले जे खांब दिसतात, ते या मोजणीसाठी असतात. त्या तारा तांब्याच्या म्हणून कुणी तोडून नेल्या, तर मोडीत चार पैसे येतात, पण खाली गंज चढतो आहे हे सांगणारी वाचाच बंद होते.

नळ जोडून झाला की गॅस सोडण्यापूर्वी त्यात पाणी भरतात आणि नेहमीच्या दाबाच्या निदान सव्वापट दाब देऊन साधारण २४ तास ठेवतात. पाणी का? पाणी दाबून फारसे लहान होत नाही. नळ कुठे फुटलाच तर थोडे पाणी बाहेर येते आणि दाब लगेच पडतो. गॅस मात्र दाबलेल्या स्प्रिंगसारखा असतो. ही परीक्षा झाली की पाणी पूर्ण काढून नळ आतून कोरडा करायचा, आणि कोणत्या जागी कोणता नळ पुरला, त्याचा जोड कसा होता, परीक्षा कितीवर झाली, हे सारे लिहून ठेवायचे.

या लिहिण्याचा आम्हाला प्रथम कंटाळा येई. मग विभागात अमेरिकेतल्या सॅन ब्रुनो या गावची हकिगत वाचायला दिली गेली. कॅलिफोर्नियातल्या या गावाखालून जाणारी तीस इंची गॅसवाहिनी ९ सप्टेंबर २०१० रोजी फुटली. आठ माणसे दगावली, ३८ घरे भस्म झाली. गॅस बंद करायला दीड तासाहून अधिक वेळ लागला. चौकशीत असे निघाले, की तो तुकडा १९५६ साली बसवलेला होता आणि त्याची लांबीची शिवण नीट जोडलेली नव्हती. कंपनीच्या दप्तरात मात्र तो बिनशिवणीचा नळ म्हणून लिहिलेला होता! ५४ वर्षे चुकीच्या नोंदीवर भरवसा ठेवून सगळे हिशेब झाले. सात-बाराच्या उताऱ्यावर नाव चुकले तर काय होते ते आपण जाणतो. इथे ओळ चुकली आणि त्याची किंमत अशी पडली.

आणखी एक हकिगत आपल्याच देशातली आहे. आंध्र प्रदेशात, तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यात, नगरम् नावाचे गाव आहे. २७ जून २०१४ रोजी पहाटे तिथे वाहिनीतून गळलेला गॅस पेटला आणि वीसहून अधिक माणसे गेली. कोरड्या गॅससाठी असलेल्या त्या वाहिनीत गॅसबरोबर पाणी जात राहिले आणि ती आतून गंजली होती. गॅस गळत असल्याच्या तक्रारी आपण पूर्वीच केल्या होत्या, असे गावकऱ्यांनी सांगितले. नळ आधी गावाच्या नाकाला आणि कानाला सांगतो. ते ऐकून घेणारा कुणी असला पाहिजे, आणि ऐकून घेणे हा इंजिनिअरच्या कामाचाच भाग आहे, एवढे मी त्या विभागातून निघताना पक्के शिकले.

आता तुमच्याकडून काय हवे ते सांगते. घरगुती सिलिंडरच्या गॅसला वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. मोठ्या वाहिनीतल्या गॅसला पुष्कळदा वास नसतो. शहरात वाटण्यापूर्वी तो मिसळतात. म्हणून वासावर विसंबू नका. वाहिनीच्या पट्ट्यात फूत्कारासारखा आवाज, धूळ उडणे, साचलेल्या पाण्यात बुडबुडे, हिरव्या पिकात मधेच जळाल्यासारखा पट्टा, या खुणा लक्षात ठेवा. असे दिसले तर विडी पेटवू नका, मोटर किंवा ट्रॅक्टर चालू करू नका. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला लांब जा, आणि मग खांबावरच्या क्रमांकावर किंवा ११२ वर फोन करा. आग लागलीच असेल तर ती विझवायला जाऊ नका; माणसे आणि गुरे दूर न्या.

विहीर, शेततळे, चर किंवा नळयोजना यांसाठी यंत्राने खणायचे असेल, तर आधी वाहिनीवाल्यांना कळवा. यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाची मोबाइलवरची सोय मार्च २०२३ मध्ये सुरू झाली आहे. जेसीबीच्या दाताचा नुसता ओरखडा उठला आणि गॅस गळला नाही, तरीही तो सांगा. बोलणी खावी लागतील म्हणून पुष्कळजण ओरखड्यावर माती लोटतात. लेप फाटलेली ती जागा पुढे वर्षानुवर्षे गंजत राहते.

शिक्षकांना शेवटचे एक काम सुचवते. गावाच्या शिवारातून वाहिनी जात असेल तर मुलांना घेऊन एकदा त्या मार्गाच्या कडेने फिरून या. खांब मोजा, त्यावरचा क्रमांक वहीत उतरवून घ्या, आणि वर्गाच्या भिंतीवर तो ठळक लिहून ठेवा. वर्षातून एकदा मुलांकडून वाहिनीच्या दोन्ही अंगांची घरे मोजून घ्या. गेल्या वर्षी नऊ होती आणि यंदा चौदा झाली, तर ग्रामपंचायतीमार्फत एक पत्र वाहिनीवाल्यांना पाठवा. मुलांना त्यात भूगोल येईल, गणित येईल. आणि दूर कुठल्या तरी कचेरीत एखादी नवी इंजिनिअर ते पत्र उघडील, त्या तुकड्याचा नकाशा काढील आणि जुना आकडा खोडून खरा आकडा लिहील.